केकवॉक, कुशी आणि खालाचं घर

इंग्रजी संभाषण शिकवणारं कोणतंही पुस्तक उघडा, त्यात वाक्प्रचारांचं एक पान हमखास सापडतं. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम. 'केकवॉक' म्हणजे विनासायास विजय. 'ईझी ॲज पाय' म्हणजे फारच सोपं. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ आणि खाली वाक्यात उपयोग. मुलं पाठ करतात, परीक्षेत मार्क मिळतात आणि विषय तिथेच संपतो. हे शब्द आले कुठून, ते कुणी कुणासाठी वापरले, असं कुणी विचारत नाही. मला मात्र या सोप्या शब्दांनी बरेच दिवस पछाडलं आहे. त्यांचा माग काढत गेलं की अमेरिकेतल्या गुलामांच्या वस्तीपासून पुण्याच्या लष्करापर्यंत आणि तिथून थेट इराकपर्यंत पोहोचायला होतं.

यातले निम्मे वाक्प्रचार खाण्याचे आहेत, ही गोष्ट प्रथम लक्षात येते. इंग्रजांना सोपं म्हटलं की केक आठवतो, पाय आठवतो, अमेरिकनांना बदकाचं सूपही आठवतं. आपलंही फार वेगळं नाही. अवघड कामाला आपण "हे काही खायचं काम नाही" म्हणतो, म्हणजे खाणं हे जगातलं सर्वांत सोपं काम, हे आपल्याला मान्यच आहे. आमच्या दख्खनी बोलीत कुणी एखादं काम फारच हलक्यात घेतलं तर "हलवा समझा क्या?" असा प्रश्न येतो. आणि दुसरा ठेवणीतला प्रश्न म्हणजे "खाला का घर है क्या?" खाला म्हणजे आईची बहीण, मावशी. तिच्या घरी न सांगता जावं, चपला काढून थेट चुलीपर्यंत पोहोचावं, मागेल ते मिळावं. म्हणून सोप्या जागेला खालाचं घर म्हणायचं.

गंमत अशी की खालाचं घर भाच्यासाठी सोपं असतं, खालासाठी नव्हे. अवेळी आलेल्या भाच्याला गरम रोटी मिळते तेव्हा कुणीतरी पुन्हा तवा चढवलेला असतो. हलवा खायला दोन मिनिटं लागतात आणि घोटायला दोन तास, शिवाय हात दुखतो तो वेगळाच. केकचंही तेच आणि पायचंही तेच. या वाक्प्रचारांत सोपेपणा दिसतो तो नेहमी खाणाऱ्याचा. बनवणारा माणूस वाक्यात कुठेच नसतो.

सगळेच शब्द काही स्वयंपाकघरातले नाहीत. 'वॉकओव्हर' आणि 'हँड्स डाउन' हे दोन्ही घोड्यांच्या शर्यतीतून आले. प्रतिस्पर्धी घोडा नसला तरी नियमाप्रमाणे एकट्या घोड्याला मैदानावरून चालत जावं लागे, तो वॉकओव्हर. आणि विजय इतका निश्चित की जॉकीने लगाम सैल सोडून हात खाली घेतले तरी चालेल, ते हँड्स डाउन. 'प्लेन सेलिंग' हा मूळचा खलाशांचा शब्द. पृथ्वी गोल नसून सपाट आहे असं धरून नौकेचं गणित मांडण्याच्या पद्धतीला ते नाव होतं. जवळच्या अंतराला हे चालून जातं, पण दूरच्या प्रवासात माणूस भलत्याच किनाऱ्याला लागतो.

'बॉब्ज युअर अंकल' हा खास ब्रिटिश प्रकार. अमुक करा, तमुक करा आणि झालंच काम, या अर्थाने तो वापरतात. त्याची सांगितली जाणारी कथा अशी की १८८७ साली पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी आर्थर बाल्फोर यांना आयर्लंडचं मोठं पद दिलं. सॅलिसबरींचं पहिलं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब, आणि ते बाल्फोर यांचे सख्खे मामा. मामा पंतप्रधान असला की भाच्याला काय अवघड? कथा झकास आहे, पण हा वाक्प्रचार छापील स्वरूपात दिसतो तो १९२० च्या दशकापासून, म्हणजे त्या नेमणुकीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्यामुळे ती मागाहून चिकटवलेली असण्याचीच शक्यता जास्त. पुढे १९१७ साली पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासासाठी पाठिंब्याचं पत्र लिहिलं ते याच बाल्फोर साहेबांनी. तिथे राहणाऱ्या अरबांना न विचारता दिलेलं ते आश्वासनही त्यांना तेव्हा सोपंच वाटलं असावं.

आता 'पीस ऑफ केक'कडे येऊ. हा तसा अलीकडचा. त्याचा सर्वांत जुना वापर म्हणून ऑग्डेन नॅश या अमेरिकन विनोदी कवीच्या १९३६ सालच्या संग्रहाकडे बोट दाखवलं जातं. पण तो घरोघरी पोहोचवला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांनी. जिवावर बेतणाऱ्या मोहिमेवरून परत आलेला विशी-पंचविशीचा पोरगा विचारणाऱ्याला सांगायचा, "काही नाही, पीस ऑफ केक." भीती लपवण्याची ती रीत होती. मुलांचा लाडका लेखक रोआल्ड डाल हा त्यांपैकीच एक. सप्टेंबर १९४० मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याचं विमान कोसळलं, कवटीला मार बसला आणि काही काळ दृष्टीही गेली. १९४२ साली एका अमेरिकन साप्ताहिकाने त्याची ही हकिगत छापली आणि शीर्षकात विमान शत्रूने पाडल्याचं लिहिलं. प्रत्यक्षात चुकीच्या पत्त्यामुळे धावपट्टी सापडली नव्हती आणि इंधन संपत आल्याने त्याने वाळूतच उतरायचा प्रयत्न केला होता. चार वर्षांनी आपल्या कथासंग्रहात त्याने या हकिगतीला नवं रूप दिलं आणि नाव ठेवलं 'अ पीस ऑफ केक'.

पण खरा इतिहास दडलाय तो केकवॉकमध्ये. आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर हा शब्द आता इतका रुळलाय की दुबळ्या संघाविरुद्धचा कोणताही विजय केकवॉक ठरतो. मूळचा केकवॉक हा एक नाच होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, कापूस आणि उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांचा. सुटीच्या दिवशी किंवा सुगी संपल्यावर हे गुलाम अंगणात जमत आणि जोडीजोडीने चालत. पुरुष छाती काढून, टोपी हलवत, कमरेत वाकून कुर्निसात करत आणि बाई नसलेला घोळदार झगा उचलल्यासारखं करत. गुडघे उंच उचलायचे, पाठ मागे झुकवायची आणि तोल जाऊ द्यायचा नाही. याचा एक जुना प्रकार तर असा होता की जमिनीवर आखलेल्या रेषेवरून डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चालायचं आणि थेंब सांडायचा नाही. मालक आणि मालकीणबाई व्हरांड्यात बसून बघत. सर्वांत ऐटबाज जोडीला बक्षीस म्हणून केक मिळे.

मालकांना हा भोळ्या गुलामांचा करमणुकीचा खेळ वाटे. पण तो मालकांचीच नक्कल होती. बंगल्यात मेजवान्या चालत तेव्हा खानसामे म्हणून उभे असलेले गुलाम गोऱ्या साहेबांचा संथ, ताठर नाच पाहत आणि मग आपल्या अंगणात त्याची टर उडवत. साहेबाच्या तोंडावर साहेबाची थट्टा, आणि साहेब टाळ्या वाजवतोय, वर केकही देतोय! या आठवणी गुलामगिरी संपल्यानंतर पुष्कळ वर्षांनी म्हाताऱ्या माणसांनी सांगितल्या आणि तेव्हा कुठे त्या कागदावर आल्या. ज्यांना लिहायला-वाचायला शिकवणं अनेक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या थट्टेची दप्तरी नोंद कोण ठेवणार होतं? त्या केकचीही एक गोष्ट सांगायला हवी. त्यात पडणारी साखर लुईझियानाच्या उसाच्या मळ्यांतून येई आणि तो ऊस तोडणारे हातही गुलामांचेच होते.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. मग गोरे नट तोंडाला काजळी फासून रंगमंचावर केकवॉक करू लागले, काळ्यांची टिंगल म्हणून. म्हणजे गोऱ्यांची नक्कल करणाऱ्या काळ्यांची नक्कल गोरे करत होते, आणि आपण मुळात कुणाची नक्कल करतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. अमिरी बराका या कृष्णवर्णीय लेखकाने १९६३ सालच्या 'ब्लूज पीपल' या पुस्तकात या गुंत्यावर नेमकं बोट ठेवलं आहे. (बराका तेव्हा लेरॉय जोन्स या नावाने लिहीत.)

१८९० च्या दशकात या नाचाची लाट आली. बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर या कृष्णवर्णीय जोडीने तो पुन्हा आपल्या हाती घेतला. विल्यम व्हँडरबिल्ट हा अमेरिकेतला गडगंज श्रीमंत माणूस केकवॉक शिकला आणि मेजवान्यांत करू लागला. तेव्हा १८९८ साली हे दोघे त्याच्या घरी स्पर्धेचं आव्हान देणारं पत्र देऊन आले, पन्नास डॉलरची पैज लावून! हा किस्सा मला फार आवडतो. पुढे १९०३ मध्ये त्यांच्या 'इन दाहोमी' या संगीत नाटकाचा प्रयोग लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात झाला. जॉर्जची पत्नी एडा ओव्हरटन वॉकर हिने या नाचाला जी नजाकत दिली ती पाहून लंडनच्या बड्या घरच्या बायका तिच्याकडे शिकायला येत. तिकडे पॅरिसमध्येही केकवॉकचं वेड होतं. देब्युसीने १९०८ मध्ये आपल्या मुलीसाठी रचलेल्या पियानोच्या तुकड्यांत एक केकवॉक आहे.

एवढा कसबी, घाम काढणारा नाच 'सोप्या कामा'चं नाव कसा झाला? बघणाऱ्याला तो सोपा वाटला म्हणून, असं माझं मत आहे. नाचणारे हसत होते, ऐटीत चालत होते आणि शेवटी केक मिळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळांच्या बातम्यांत हा शब्द सहज विजयासाठी येऊ लागला आणि मागचं अंगण पुसलं गेलं.

हा शब्द मग एका वेगळ्याच ठिकाणी भेटतो. १३ फेब्रुवारी २००२ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये केनेथ ॲडेलमन यांचा एक लेख आला. ॲडेलमन रेगन यांच्या काळात शस्त्रनियंत्रण खात्याचे प्रमुख होते आणि तेव्हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या सल्लागार मंडळावर होते. लेखाचं शीर्षक 'केकवॉक इन इराक'. सद्दामची लष्करी ताकद मोडून इराक मुक्त करणं हा केकवॉक ठरेल, १९९१ मध्येही तो तसाच होता आणि आता तर इराक आणखी दुबळा झालाय, असा एकूण सूर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुप्तचर संस्थेचे प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासमोर 'स्लॅम डंक' हा शब्द वापरला. बास्केटबॉलमध्ये उंच उडी मारून चेंडू थेट जाळीत कोंबणं, म्हणजे हमखास गुण. इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचा दावा तितकाच पक्का आहे, असा त्याचा अर्थ घेतला गेला. टेनेट यांनी नंतर आपला अर्थ वेगळा होता असं सांगितलं. शस्त्रं काही सापडली नाहीत.

२००३ च्या ९ एप्रिलला बगदाद पडलं आणि दुसऱ्याच दिवशी ॲडेलमन यांनी आपल्या जुन्या शब्दाची आठवण करून देणारा दुसरा लेख छापला. २०११ च्या डिसेंबरात अमेरिकेचं सैन्य बाहेर पडलं तोवर त्यांचे सुमारे साडेचार हजार सैनिक मेले होते. आणि हिंसाचारात बळी पडलेल्या इराकी नागरिकांच्या नुसत्या नोंद झालेल्या मृत्यूंचा आकडा एक लाखाच्या वर गेला होता. ॲडेलमन यांनी २००६ मध्ये बुश प्रशासनाच्या नालायकीवर सडकून टीका केली. म्हणजे चूक केक बनवणाऱ्यांची होती, केकची नव्हे.

राहता राहिला 'कुशी'. उच्चाराने आपल्या कुशीसारखा, पण नातं खुशीशी. आरामाची, बिनकष्टाची नोकरी म्हणजे कुशी जॉब. इंग्रजांनाच विचारलं तर अनेक जण सांगतील की हा 'कुशन'वरून आला असणार, गादी, मऊपणा वगैरे. काही जण जिप्सींच्या रोमानी भाषेकडेही बोट दाखवतात. पण कोशकारांनी त्याचं मूळ हिंदुस्थानीतल्या 'खुश'मध्ये दाखवलं आहे. हा मुळात फारसी शब्द. मराठीत त्याचा केवढा विस्तार झालाय पाहा: खुशी, खुशाल, खुशमस्कऱ्या, खुशालचेंडू, ख्यालीखुशाली. घरोघरच्या पत्रांत 'इकडील सर्व खुशाल' लिहिताना आपण फारसी लिहितोय असं कुणाला वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

हा शब्द विलायतेला नेला तो हिंदुस्थानातल्या छावण्यांत राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांनी. भिश्ती, धोबी, न्हावी, खानसामा यांच्याशी बोलता बोलता त्यांची एक खिचडी बोली तयार झाली होती. 'देखो'चं 'डेको' झालं, चिठ्ठीची 'चिट' झाली, पक्का 'पक्का'च राहिला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या सोल्जरांना वेड लागायची पाळी येई. त्यावरून इंग्रजीत वेड्याला 'डुलॅली' म्हणू लागले. पूर्वी पूर्ण शब्द 'डुलॅली टॅप' असा होता, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! आज देवळालीला हवापालटासाठी जाणाऱ्यांना हे सांगितलं तर विश्वास बसत नाही.

पहिल्या महायुद्धात हे शब्द खंदकांत पोहोचले. छापील इंग्रजीत कुशी दिसतो तो साधारण १९१५ च्या सुमारास. ज्या ठिकाणी गोळीबार कमी ती जागा कुशी. जखमही कुशी असू शकत होती. हातपाय न जाता, जीव न जाता, फक्त मायदेशी परत पाठवलं जाईल इतपत झालेली. अशा जखमेला दुसरं नाव होतं 'ब्लायटी'. ब्लायटी म्हणजे इंग्लंड. हा शब्द 'बिलायती'वरून आला, तो 'विलायत'वरून, आणि विलायत हा मूळचा अरबी, प्रांत किंवा राज्य या अर्थाचा. इंग्रज सोल्जर आपल्या मायभूमीला अरबी-फारसी वळणाच्या हिंदुस्थानी शब्दाने हाक मारत होता.

हिंदी शिपायांना ही ब्लायटी कुशी नव्हती. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या कित्येकांना बरं झाल्यावर पुन्हा खंदकात पाठवलं जाई. आणि जे फ्रान्सऐवजी इराकला गेले त्यांची कथा तर आपल्या अगदी दारातली आहे.

सहावी डिव्हिजन म्हणजे पूना डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये तिचे पहिले शिपाई इराणच्या आखातावर फाव इथे उतरले. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि त्या काळच्या मराठा पलटणींत मराठ्यांसोबत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. सातारा, रत्नागिरी, पुणे, नगर अशा भागांतली पोरं. सुरुवातीचे विजय झटपट मिळाले, बसरा हाती आलं, अमारा आलं, कूत आलं. मग वरच्यांना बगदाद खुणावू लागलं. पुरेशा बोटी नाहीत, दवाखान्यांची सोय नाही, कुमक नाही, हे डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंड यालाही दिसत होतं. तरी ऑक्टोबर १९१५ मध्ये लंडनहून परवानगी आली.

नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली. इंग्रजीत तिला टेसिफोनची लढाई म्हणतात. मुसलमान मात्र त्या जागेला सलमान पाक म्हणतात, कारण पैगंबरांचे सहकारी हजरत सलमान फारसी यांची कबर तिथे आहे. समोर उस्मानी खलिफाचं सैन्य, बाजूला सहाबींची मजार, आणि हातात इंग्रजांची रायफल. आपल्या गावच्या मुसलमान शिपायाच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करून पाहिली आहे. चार हजारांहून जास्त माणसं गमावून डिव्हिजन मागे फिरली आणि कूतमध्ये कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपलं तेव्हा घोडे कापले गेले. हिंदू आणि मुसलमान शिपायांनी धर्माच्या कारणाने बराच काळ ते मांस खाल्लं नाही आणि ते उपासमारीने व स्कर्व्हीने खंगले. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली.

कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आलं. हजारो जण वाटेत, छावण्यांत आणि रेल्वेच्या बांधकामावर मेले. हाकणारे आपल्या धर्माचे होते म्हणून ही गोष्ट सौम्य करून सांगावी, असं मला वाटत नाही. टाउनशेंड साहेबांची कैद मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, बंगल्यात, नोकरचाकरांसह पार पडली. तिलाच कुशी म्हणतात.

या मोहिमेत मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांचं स्मारक बसऱ्याजवळ शत्त अल-अरबच्या काठी उभारलं गेलं. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते तिथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, ३२ किलोमीटर आत वाळवंटात, नेऊन ठेवण्यात आलं. २००३ च्या मार्चमध्ये याच नासिरियात अमेरिकन फौजेची पहिली मोठी लढाई झाली. स्मारकाच्या फलकांवर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आहे आणि त्याखाली, किती जण, तो आकडा.